पाण्याचा शेजार

सुरतेच्या दक्षिण अंगास बमरोली आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाठी आलेली कितीतरी कुटुंबे येथे लूमच्या खात्यांच्या, म्हणजे कारखान्यांच्या, आधाराने नांदत आहेत. त्यांपैकीच दोन गृहस्थांचे हे संभाषण : एक मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, आणि दुसरे शिंदखेड्याकडचे नाना, बारा तासांच्या पाळीला विटून उरलेले आयुष्य स्वतःच्या जमिनीवर काढण्याचे मनात धरलेले. समोर प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेले, घड्यांवर फाटत चाललेले तीन सातबारे.

नाना : नवापुरास पाऊस उदंड, शिवाय सुरत-भुसावळ लोहमार्ग गावावरून जातो. शिरपूरची जमीन काळी, खोल, तिच्यात बोअर; मात्र भाव चढा. तिसरी साक्री तालुक्यात पांझरेकाठी, स्वस्त, पण फडातली, पाळीच्या पाण्याची. दलाल म्हणतो, नवापूरच घ्या; सातबाऱ्यावर नाव तिथल्या आदिवासी खातेदाराचेच राहील, कब्जा तुमचा.

गुरुजी : तो उतारा आधी पिशवीत घाला. महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन आपल्यासारख्याच्या नावे होण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, तीही शासनाच्या संमतीने. ती चुकवण्यासाठीच ही युक्ती आहे.

नाना : पण तो स्वखुशीने देतो आहे ना?

गुरुजी : ज्याच्या घरी आजारपण आहे आणि दारात सावकार आहे, त्याच्या खुशीचे मोल किती धरायचे? शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली ती अशाच हातोहात गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर, आणि १९७४ च्या कायद्याने त्या परत देण्याची तजवीज करावी लागली. उद्या त्याचा मुलगा दावा लावील तेव्हा मनातल्या मनात तुम्ही कोणाच्या बाजूचे असाल?

नाना : बरे, ते सोडले. मग शिरपूर. तिथे मी कोणाचा मिंधा नाही. जन्मभर शेठच्या घड्याळावर उठलो. आता कळ दाबली की पाणी यावे, एवढीच इच्छा आहे.

गुरुजी : इच्छा रास्त आहे, पण ते पाणी तुमचे कसे? तापीकाठच्या त्या गाळाच्या थरांतून वर्षानुवर्षे उपसा झाला, विहिरी खोल खोल गेल्या, तेव्हा २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या आखणीने नाले रुंद-खोल करून पाणी अडवून जिरवावे लागले. जे साऱ्या तालुक्याने जिरवले ते तुमचे बोअर एकटे ओढणार. बमरोलीतच पाहा, २०१४ पासून महापालिका शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यांना विकते. प्रकल्पाची क्षमता रोजच्या चार कोटी लिटरची. त्या पाण्याचे मोजमाप होते. बोअरला मोजमाप नाही, म्हणूनच ते आपल्याला स्वातंत्र्य वाटते.

नाना : मग फडात जाऊन पुन्हा पाळीच लावायची?

गुरुजी : होय, पण ही पाळी लावणाऱ्यांत तुम्हीही बसता. पांझरेवर शेकडो वर्षांपूर्वी बंधारे बांधले गेले. बंधाऱ्याखालच्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे, मालकाने हात लावायचा नाही. शेवटी पाणी घेणाऱ्यावरही अन्याय होऊ नये एवढी दक्षता त्या अनक्षर म्हटल्या गेलेल्या माणसांनी घेतली. आपल्या पुष्कळ कार्यालयांना ती अद्याप साधलेली नाही. अर्थात वरची धरणे आणि काठावरच्या विहिरी यांनी बऱ्याच फडांचा प्राण घेतला आहे. म्हणून दलालाला विचारू नका, पाटकऱ्याला विचारा. आणि वैशाखात जा, कारण श्रावणात प्रत्येक विहीर श्रीमंत असते.

नाना : आणखी एक पेच आहे. वडिलांमागे त्यांच्या जमिनीवर वारस म्हणून माझे नाव लागले आहे खरे, पण धाकट्याला हक्कसोडपत्र करून देण्याचा शब्द मी दिला आहे.

गुरुजी : तो शब्द पाळा, पण आधी खरेदीखत होऊ द्या. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. एकदा नाव कमी होऊन फेरफार मंजूर झाला की तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावाच उरणार नाही. अर्थात हे भावाला आज सांगा, नंतर नव्हे.

नाना : सांगतो. तो समजून घेईल. वहिनींचे मात्र सांगता येत नाही. पण गुरुजी, दुष्काळाच्या साली बंधारा आटला आणि माझाच फड कोरडा राहिला तर?

गुरुजी : एकाचाच सहसा राहत नाही, बहुधा प्रत्येकाचा तुकडा निरनिराळ्या फडांत असतो. एक फड पडीक टाकायचा ठरला की सगळ्यांचेच थोडे थोडे पडीक राहते.

नाना : शेठच्या खात्यात मंदी आली की आम्हीच घरी बसायचो, शेठ नव्हे. सगळ्यांबरोबर कोरडे राहणे मला जमेल की नाही, हे येथे बसून सांगवत नाही. साक्रीचा उतारा वर ठेवतो. शिरपूरचा अजून फाडत नाही.