वसईचे संत गोन्सालो

सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करत होते. जम बसलेला तो धंदा सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानी भाषा अस्खलित येत असल्याने ते धर्मगुरूंचे दुभाषी बनले. क्योटोत त्यांच्या संघाने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. पुढे राज्यकर्त्यांची मर्जी फिरली. डाव्या कानावर वार करून, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले; त्यांत गोन्सालो होते. चर्चने त्यांना १६२७ मध्ये धन्य आणि १८६२ मध्ये संत घोषित केले.

डोंगरावरील प्रवचनात येशूने धन्य म्हटले ते नम्रांना, दयाळूंना, शांती करणाऱ्यांना, न्यायासाठी छळ सोसणाऱ्यांना. पावित्र्य ही देवाची देणगी आहे, आणि ती माणसाला दुखणाईताच्या उशाशी नेऊन बसवते. गोन्सालोंच्या नावापुढे संत ही पदवी लागली ती अडीचशेहून अधिक वर्षांनी. संतपण मात्र त्यांनी रोजच्या सेवेत जगून दाखवले.

आज एखादा आजारी, एकाकी माणूस भेटला, तर घटकाभर त्याच्यापाशी थांबा. त्याचे म्हणणे मनापासून ऐका.