ठरलं काय, आणि का?

इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानात तो एकदाही आला नाही. इथून जाणारे कागद वाचायचे आणि उत्तरांचे मसुदे तयार करायचे, हे त्याचे काम. त्याच्या उमेदवारीच्या काळात पत्रे आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने जात, त्यामुळे प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष सहज उलटे. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही म्हणून अस्वस्थ होणाऱ्यांनी हे हिशेबात घ्यावे.

एवढ्या अंतरावरून कारभार चालला, त्यामागे कागदाची शिस्त होती. पत्रातल्या परिच्छेदांना क्रमांक असत आणि उत्तर त्या क्रमाने येई. जहाज बुडाले तर पंचाईत नको, म्हणून प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जात. गव्हर्नरच्या कौन्सिलमधल्या एखाद्या सदस्याला निर्णय मान्य नसेल, तर त्याचे वेगळे टिपणही दप्तरात राही. १८५२ साली संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना मिलने याच लेखी पद्धतीची भलामण केली. प्रत्येक कृतीमागची कारणे नोंदलेली असतात, असा त्याचा दावा होता. ज्यांच्यावर राज्य चालले होते त्यांना मात्र त्या कागदांत बोलायची सोय नव्हती. तेव्हा कौतुक पद्धतीपुरतेच.

नोंद नसली की काय होते, याचे महागडे उदाहरण १९९९ सालचे आहे. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाच्या फार जवळ गेले आणि हरपले. यान बांधणारी लॉकहीड मार्टिनची मंडळी कोलोरॅडोत, त्याचा मार्ग आखणारी जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची मंडळी कॅलिफोर्नियात. एका बाजूचे आकडे ब्रिटिश एककांत, दुसऱ्या बाजूने ते मेट्रिक धरलेले. एवढी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. काहीतरी जुळत नाही अशी शंका मार्ग आखणाऱ्यांना आधीच आली होती, हे कमी सांगितले जाते. ती आपापसांत बोलली गेली, पण त्रुटी नोंदवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने दप्तरी आली नाही. त्यामुळे तिचा पाठपुरावा करणे ही कोणाचीच जबाबदारी ठरली नाही.

मार्च २०२० नंतर घरोघरी कचेऱ्या थाटल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच कंपनीतल्या ६१ हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्काचा अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेळी थेट होणारा संवाद घटला होता, ई-मेल आणि मेसेज वाढले होते, आणि गट आपल्याच कोशात अधिक शिरले होते. लिहिणे वाढले म्हणून नोंदी वाढल्या असे नव्हे. चॅटमधला निर्णय दुपारपर्यंत वर सरकून दिसेनासा होतो.

पुण्याच्या आयटी कंपन्यांत हे रोज घडते. कॅलिफोर्नियाशी वेळेचा फरक साडेबारा-साडेतेरा तासांचा. संध्याकाळी दोघे जण फोनवर मराठीत एखादी गोष्ट मिटवतात आणि मग इंग्रजीत एक ओळीची मेल सुटते: ‘ॲज डिस्कस्ड’ अमुक बदल केला आहे. जो त्या बोलण्यात नव्हता, त्याला बदल कळतो, कारण कळत नाही. तीन महिन्यांनी तोच माणूस तो बदल उलटा फिरवतो.

सगळेच लिहून भागत नाही, हेही खरे. मानसशास्त्रज्ञ क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ई-मेलमधला आपला उपरोध ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांनी तो ५६ टक्के वेळाच ओळखला, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडा बरा. आवाजात हेच प्रमाण ७३ टक्के होते. तेव्हा कानउघाडणी, थट्टा, रुसवा यांसाठी फोन उचलावा. निर्णय आणि त्याला असलेला विरोध मात्र कागदावर यावा.

ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइड हद्दपार झाल्या. सहा पानांपर्यंतचे टिपण आधी सगळे जण गप्प बसून वाचतात, मग बोलतात. कॉलवर इंग्रजीत पटकन तोंड उघडता येत नाही म्हणून मागे पडणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या इंजिनियरला अशी पद्धत सोयीची ठरेल. फक्त ते टिपण लिहिण्यात गेलेले दोन दिवस टाइमशीटच्या कोणत्या रकान्यात दाखवायचे, हे अनेक ठिकाणी अजून ठरलेले नाही.