मजकूर आणि पैसे

वडिलांची पेटी विकावी की नाही, यातच आमची दोन वर्षे गेली. अखेर यंदा इंटरनेटवरच्या बाजारात जाहिरात दिली. किंमत १२,००० रुपये. दुसऱ्याच दिवशी परगावचे गिऱ्हाईक मिळाले आणि संध्याकाळी पैसे पोचवणाऱ्या कंपनीच्या नावाने ई-मेल आला : ‘आपल्या नावे १७,००० रुपये जमा झाले आहेत. पेटी रवाना केल्याची पावती पाठवताच रक्कम खात्यात दिसेल.’ पाठोपाठ गिऱ्हाइकाचे आर्जव : ‘चुकून ५,००० जास्त गेले. मुलगी इस्पितळात आहे, तेवढे आजच परत करा.’

परक्याचा पैसा रात्रभर आपल्याकडे ठेवायचा! माझा मास्तरी जीव कासावीस झाला.

ही म्हणाली, “अहो, पण पैसे आलेत का आपल्याकडे?”

मला तिचा रागच आला. तरी ई-मेलमधल्या दुव्याला हात न लावता बँकेचे खाते स्वतंत्रपणे पाहिले. एक पैही आली नव्हती. मग पाठवणाऱ्याचा पत्ता नीट न्याहाळला. नाव कंपनीचे, पत्ता भलत्याचाच.

लहानपणी आमच्याकडे मनीऑर्डर येई. फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर असे. आजी तो दोनदा वाचून घेई; पण नोटा मोजल्याशिवाय अंगठा उठवीत नसे. पोस्टमनला त्यात कधी अपमान वाटला नाही. मजकूर म्हणजे पैसे नव्हेत, हे त्या निरक्षर बाईला कळत होते. मॅट्रिक झालेल्या मला कळले नाही.

लोभी माणूसच फसतो, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. या भामट्याने माझ्या लोभाला नव्हे, प्रामाणिकपणाला हात घातला होता. की प्रामाणिक दिसण्याच्या हौसेला? आलेले परत करणे हा धर्म खरा. पण न आलेलेच परत करायची मला घाई झाली होती, ती एका अनोळखी माणसाने मला भला म्हणावे म्हणून. शहानिशा करणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याचे पैसे खरे, त्याला आपण खाते पाहीपर्यंत थांबायला हरकत नसते. खोट्यालाच घाई असते.

वाचकहो, आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. आणि फसगत झालीच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

पुढे पेटी गावातल्याच एका गाणे शिकणाऱ्या मुलाने नेली. त्याने नोटा पुढे केल्या नि म्हणाला, “मोजून घ्या, काका.”

मी त्याच्यासमोरच मोजल्या. दोघांनाही वाईट वाटले नाही.