काट्याची साक्ष

मनुष्यस्वभावातली एक गंमत मी मास्तरकीच्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळदा पाहिली आहे. मुलाला अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले की वडील तावातावाने शाळेत येतात आणि "पेपर कोणी तपासला?" म्हणून विचारतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण अपेक्षेपेक्षा वीस गुण जास्त पडले म्हणून "मास्तर, बेरीज पुन्हा एकदा करून पाहता का?" असे विचारणारा पालक मला अजून भेटायचा आहे. नकोशी बातमी आणणाऱ्याची आपण उलटतपासणी घेतो आणि हवीशी बातमी आणणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवतो. हा नुसता स्वभाव म्हणून सोडून द्यावा, की यात काही अन्याय आहे? या प्रश्नाचा विचार करायला मला एका मोटारगाडीने लावले.

गाडी माझ्या मेव्हण्यांची. मूळची पेट्रोलवर चालणारी जुनी जीप. पण तिचे इंजिन थकले तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका गाडीचे डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतले. पुढचे मीटर मात्र जुनेच ठेवले, कारण ते दिसायला देखणे होते. इंजिन बदलल्याची नोंद आर.टी.ओ.च्या कागदांत रीतसर झाली. मीटरला ही बातमी कोणीच कळवली नाही. त्यानंतर रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढू लागले की उष्णतेचा काटा लाल पट्टीत जाऊन बसायचा. वाफ नाही, वास नाही, इंजिनाची कुरकुर नाही. मेव्हण्यांनी जागच्या जागी निकाल दिला : "काटा खोटा आहे!"

आता सांगून टाकतो, की हा निकाल पुढे बरोबर ठरला. पण बरोबर निघालेला निकाल आणि न्यायाने दिलेला निकाल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तो फरक मला मेव्हण्यांच्या मिस्त्रीने शिकवला.

"मिस्त्री, सेन्सर तेवढा बदलून टाका," मेव्हणे म्हणाले.

"साहेब, आधी काटा खरा धरून गाडी बघू," मिस्त्री म्हणाला. "खोटा निघाला तर चांगलंच आहे की."

इंजिन पुरते थंड होईपर्यंत त्याने रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. झाकणाखाली दाब असतो, त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते. थंड झाल्यावर त्याने पाण्याची पातळी पाहिली, पंखा पाहिला, पट्टा पाहिला. मग गाडी तापवून लांबून उष्णता मोजणारा तापमापक थर्मोस्टॅटच्या डब्यावर धरला. त्याआधी त्या चकचकीत धातूवर त्याने कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटवला, कारण चकाकणारा धातू अशा तापमापकाला खऱ्यापेक्षा थंड भासतो. चकाकी यंत्रालाही फसवते हे ऐकून मला जरा बरे वाटले! आकडा आला ८८. इंजिन निरोगी होते. काट्यावर संशय घेण्याचा अधिकार मिस्त्रीला या क्षणी मिळाला. त्याआधी तो कोणालाच नव्हता.

पुढचा तपास एखाद्या न्यायाधीशाला शोभावा असा झाला. सेन्सरची तार काढली, तेव्हा काटा तळाला गेला. ती तार इंजिनाच्या धातूला क्षणभर टेकवली, तेव्हा काटा टोकाला गेला. म्हणजे तार शाबूत आणि मीटर जिवंत. काही जुन्या गाड्यांत इंधनाच्या आणि उष्णतेच्या काट्याला एकाच छोट्या यंत्रातून बेताची वीज मिळते. ते बिघडले की दोघेही एकदम चुकीचे बोलू लागतात. म्हणून मिस्त्रीने डिझेलचा काटाही पाहिला. तो ठीक होता.

मग त्याने सेन्सर काढून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी तापमापक ठेवला आणि स्टोव्ह पेटवला. या सेन्सरचा स्वभाव असा, की तो तापत जातो तसा त्याचा विजेला होणारा रोध कमी होत जातो, वीज जास्त वाहते आणि काटा चढतो. जुन्या इंजिनाचा सेन्सर मेव्हण्यांच्या माळ्यावर सापडला. तोही त्याच पातेल्यात सोडला. उकळत्या पाण्याला शंभर अंश धरायचीही मिस्त्रीची तयारी नव्हती. समुद्रकाठी ते शंभरावर उकळते. महाबळेश्वरी ९५-९६ वरच उकळते. म्हणून त्याने उकळीवर भरवसा न ठेवता तापमापकाकडेच पाहिले. ८० अंशांवर जुन्या सेन्सरचा रोध नव्याच्या जवळजवळ दुप्पट भरला!

दोन्ही सेन्सर चांगले होते. मीटरही चांगले होते. नवा सेन्सर आपल्या भाषेत खरे तेच सांगत होता आणि जुने मीटर ते आपल्या भाषेत प्रामाणिकपणे वाचत होते. दोन प्रामाणिक माणसांच्या मध्ये असत्य कसे जन्माला येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मी पाहिलेले नाही. जुना सेन्सर नव्या इंजिनाच्या आट्यांत बसेना, म्हणून शेवटी नव्या इंजिनाच्या जोडीचे मीटर आणून बसवले आणि तंटा मिटला.

पैसे देताना मेव्हणे विजयाने म्हणाले, "मी सांगत नव्हतो, काटा खोटा आहे म्हणून?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "वर गेलेला काटा घेऊन सगळे येतात, साहेब. खाली आलेला घेऊन कोणी येत नाही. पाणी संपलं की काटा खालीच येतो."

मी त्याला पुन्हा विचारले. त्याने समजावले : सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच पाण्याची उष्णता सांगतो. पाणी गळून गेले आणि तो कोरडा पडला, की त्याच्याभोवती नुसती हवा आणि वाफ उरते. मग काटा उतरू शकतो. आणि चालवणारा सुटकेचा श्वास टाकतो त्याच वेळी आत इंजिन जळत असते.

हे वाक्य मला पालकांच्या तक्रारींपेक्षा फार खोल घेऊन गेले. कारण पाणी संपलेले काटे प्रत्येक घरात असतात. भांडणारी सून एकाएकी भांडेनाशी होते आणि आपण म्हणतो, "रुळली हो शेवटी!" औषधासाठी तगादा लावणारे आजोबा मागणे सोडून देतात आणि आपण त्यांची प्रकृती सुधारली असे धरून चालतो. वर्गात रोज शंका विचारणारा मुलगा गप्प बसू लागला की त्याला समजू लागले, असे मास्तरही समजतात. चढलेल्या काट्याला आपण खोटे म्हणतो आणि उतरलेल्या काट्याला शांती. तक्रार करायलाही मनात थोडी ओल लागते, आशेची ओल. ती आटली म्हणजे माणूस शांत दिसतो.

म्हणून माझे उत्तर असे आहे. नकोशा बातमीवर संशय घेणे हे पाप नव्हे. पण तो अधिकार त्यालाच, जो आधी गाडी थांबवतो आणि ती बातमी खरी धरून तपासतो, आणि हवीशी बातमीही त्याच पातेल्यात उकळून पाहतो. या दोन अटींवाचून घेतलेला संशय म्हणजे आपल्या सोयीला दिलेले शहाणपणाचे नाव आहे.

मात्र मिस्त्रीचा पहिला नियम विसरून चालणार नाही : झाकण तापलेले असताना उघडू नये. भांडणाच्या भरात "तुला झालंय तरी काय?" म्हणून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, चटका मिळतो. पातळी पाहायची ती सारे निवलेले असताना. वर्षभर पांगलेली माणसे दिवाळीत चार दिवस एकत्र येतात, पहाटेचे अभ्यंगस्नान होते, फराळाची ताटे फिरतात आणि कोणालाच कुठे जायची घाई नसते. अशा वेळी घरातल्या सर्वांत शांत माणसाजवळ जाऊन बसावे, आणि त्याने "माझं काय, मी मजेत आहे," असे म्हटल्यावरही लगेच उठू नये.