जास्तीचा धूर

आम्ही उर्दू माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. शाळेच्या व्हरांड्यात एक भित्तिपत्रक आहे. दर महिन्याला आठवी-नववीची मुले त्यावर आपले लेख, चित्रे, कात्रणे लावतात. २०२३ साली गाझातले युद्ध पेटले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने त्यावर एक छायाचित्र लावले. रुग्णवाहिकेतल्या नारिंगी खुर्चीवर बसलेला एक लहान मुलगा. अंगभर धूळ, अर्ध्या चेहऱ्यावर रक्त, डोळे कोरडे. खाली तिने सुंदर नस्तालिक अक्षरात लिहिले होते, 'गाझा का बच्चा'.

छायाचित्र खरे होते, पण गाझातले नव्हते. ते सीरियातल्या अलेप्पो शहरातले, ऑगस्ट २०१६ मधले होते. आम्ही मुलीला बोलावून हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तसवीर गलत होगी, लेकिन जुल्म तो सच्चा है ना?"

तेवढ्यात घंटा झाली. 'कल बात करेंगे' म्हणून आम्ही वर्गावर गेलो. खरे सांगायचे तर घंटेने आमची सुटका केली, कारण त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. जुलूम खरा असेल, तर त्याच्यासाठी दिलेली खोटी गवाही माफ असते का? हा प्रश्न पोरीचा एकटीचा नाही. आपल्या घराघरांत, नमाजनंतरच्या गप्पांत, मोबाइलवर चित्र पुढे पाठवताना आपण सगळेच मनातल्या मनात त्याचे उत्तर देत असतो. बहुतेक वेळा 'असते' असेच देतो.

उत्तर शोधताना आम्हाला २००६ सालचे बैरूत आठवले.

त्या वर्षी १२ जुलैला हिजबुल्लाहने सरहद्दीवर दोन इस्रायली सैनिक पकडून नेले आणि इस्रायलने लेबनॉनवर बॉम्बफेक सुरू केली. युद्ध १४ ऑगस्टपर्यंत, चौतीस दिवस चालले. लेबनॉनमध्ये अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य साधी नागरिक होती. इस्रायलमध्येही सुमारे १६० जण मेले. बैरूतच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत इमारतींच्या रांगा जमीनदोस्त झाल्या. आकाशात धुराला तोटा नव्हता.

तरीही एका माणसाला तो धूर कमी वाटला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी काम करणारे लेबनीज छायाचित्रकार अदनान हज यांनी ५ ऑगस्टच्या बैरूतच्या एका छायाचित्रात संगणकावर धूर वाढवला. चित्राचा एक तुकडा उचलून तो शेजारी पुन्हा पुन्हा उमटवायचा, अशी ती रीत. पण धुराचे एकच वळण एका रांगेत परत परत दिसले, तर कोणाच्याही डोळ्यांत खुपणारच. अमेरिकेतल्या वाचकांनी ते ओळखले आणि रॉयटर्सने छायाचित्र मागे घेतले. मग त्यांचे आणखी एक चित्र तपासले गेले. नबातिये गावावरून जाणाऱ्या इस्रायली लढाऊ विमानातून एक जळती फ्लेअर पडत होती. चित्रात तिच्या तीन झाल्या होत्या आणि ओळीत त्यांना क्षेपणास्त्रे म्हटले होते. आपण फक्त धुळीचे डाग साफ करत होतो, असा खुलासा हज यांनी केला. रॉयटर्सने त्यांचे काम थांबवले आणि त्यांची सगळी, म्हणजे ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून टाकली.

बदल सिद्ध झाला होता दोन चित्रांत, आणि गेली ९२०. त्या इतर चित्रांत ज्यांची घरे होती, ज्यांचे जनाजे होते, त्यांची गवाहीही त्याबरोबर गेली. हे नुकसान इस्रायलच्या कोणा सेनापतीने केलेले नव्हते. ते लेबनॉनच्याच एका माणसाने केले होते. त्याच्या मनात काय होते हे अल्लाहलाच ठाऊक. पण परिणाम आपल्यासमोर आहे.

आणि नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. आठवडाभर आधी, ३० जुलैला, काना गावात एका इमारतीवर बॉम्ब पडला होता. तळघरात आसऱ्याला बसलेली कुटुंबे गाडली गेली. सुरुवातीला मृतांचा आकडा पन्नासच्या वर सांगितला गेला; ह्यूमन राइट्स वॉचच्या तपासात तो २८ निघाला. त्यांत सोळा मुले होती. याच कानामध्ये एप्रिल १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आसरा घेतलेली शंभरावर माणसे इस्रायली तोफांनी मारली गेली होती. २००६ च्या छायाचित्रांत हिरवे हेल्मेट घातलेला एक मदतकर्ता मेलेले मूल हातांत घेऊन पुन्हा पुन्हा दिसतो. तो कॅमेऱ्यासाठी प्रेत मिरवतो आहे, सगळा बनाव आहे, असा आरोप झाला. तो कॅमेरावाल्याला सूचना देत असल्याचे दृश्य एका जर्मन वाहिनीने दाखवले. असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स आणि एएफपी या तिन्ही वृत्तसंस्थांनी बनावाचा आरोप फेटाळला. पण बैरूतचा जास्तीचा धूर ताजा होता, त्यांचे कोण ऐकतो? चर्चा हेल्मेटवाला कोण आणि कोणते चित्र किती वाजता टिपले, यावर चालली. बॉम्ब कोणी टाकला आणि का, हा प्रश्न मागे पडला. सोळा मुले खरोखर मेली होती. त्यांच्या मरणावर शंका घ्यायला आयते निमित्त मिळाले.

कोणी म्हणेल, असे काय आपलेच लोक करतात? मुळीच नाही. मार्च २००३ मध्ये इराकमध्ये बसराजवळ लॉस एंजेलिस टाइम्सचे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी दोन चित्रे जोडून एक केले. ब्रिटिश सैनिकाचा रोखलेला हात एका चित्रातला, मुलाला छातीशी धरून येणारा इराकी बाप दुसऱ्यातला. मागच्या गर्दीतली काही माणसे दोनदा दिसली आणि चोरी पकडली गेली. त्यांची नोकरी गेली. सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देई यांनी २ मे १९४५ रोजी बर्लिनच्या राइशस्टागवर झेंडा फडकवणारे सैनिक टिपले. तो प्रसंग चित्रासाठी नव्याने घडवून आणलेला होता. शिवाय एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे होती. लुटीचा संशय नको म्हणून एक खरवडून काढले, आणि धूर तिथेही वाढवला.

आपल्या देशातही हा खेळ जुना आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई कापून काढले. काही महिन्यांनी, १८५८ साली, फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तिथे पोहोचला. त्याच्या प्रसिद्ध चित्रात पडक्या इमारतीसमोर हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. चित्रासाठी ती हाडे उघडी करून मांडली होती, असे त्या काळापासून सांगितले जाते. मेलेल्यांना मातीतही स्वस्थता नव्हती. जिंकणाऱ्याला आपला विजय दाखवायचा होता, म्हणून त्यांना पुन्हा मैदानात यावे लागले.

तेव्हा जिंकणारेही खोटे चित्र रचतात आणि हरणारेही. मग दोघांचा गुन्हा सारखा का? गुन्हा म्हणून सारखाच. पण किंमत सारखी नाही, आणि हाच मुद्दा आपण विसरतो. बलवानाचे खोटे उघडे पडले तरी त्याच्याकडे विमाने उरतात, पैसा उरतो, वाहिन्या उरतात. मजलूमाकडे गवाहीशिवाय दुसरे काही नसतेच. कोर्टात फिर्यादीचा एक साक्षीदार खोटा निघाला, तर आरोपीचा वकील बाकीच्या नऊ खऱ्यांनाही त्याच मापाने मोजतो. म्हणून मजलूमाच्या बाजूने खोटे बोलणारा त्याच्या गाठीशी असलेली एकमेव चीज खर्चून टाकतो, आणि तीही त्याला न विचारता.

ही गोष्ट आपल्याला नवी नसावी. आपल्या मुहद्दिसांनी हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी सोडवला आहे. हदीसच्या नावावर खोटे रचणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. काही परहेजगार माणसांनी, लोक कुरआनच्या तिलावतीकडे वळावेत एवढ्यासाठी सूरांच्या फजीलतीच्या हदीस रचल्या. नीयत नेक, काम नेक, शब्द तेवढे खोटे. मुहद्दिसांनी काय केले? नीयत पाहून सूट दिली नाही. त्यांनी त्या हदीस मौजू ठरवल्या आणि रचणाऱ्यांची नावे रावींच्या चरित्रग्रंथांत खोटारडे म्हणून नोंदवली. उलट अशा नेक माणसांच्या खोट्याला त्यांनी अधिक घातक मानले, कारण त्यांचा जुहद पाहून लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. इस्नाद तपासणे हा त्यांच्या लेखी दीनचा भाग होता. त्या विद्येचा आपल्याला अभिमान आहे. पण मोबाइलवर आलेल्या चित्राचा रावी कोण, हे विचारायला आपल्याला एक मिनिट नसते.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगत नाही, स्वतःला सांगतो आहोत. २०१२ साली आम्ही बी.एड. करत होतो. म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्यांवर आणि आसामात बंगाली मुसलमानांवर अत्याचाराच्या बातम्या येत होत्या. त्या दिवसांत एक छायाचित्र हातोहात फिरले. तांबड्या वस्त्रांतले बौद्ध भिक्षू आणि त्यांच्या पायांशी प्रेतांचा ढीग. 'बर्मा के मुसलमान' अशी ओळ. आम्ही ते पाहून रडलो आणि सात-आठ दोस्तांना पाठवले. ते भिक्षू तिबेटी होते. एप्रिल २०१० मध्ये चीनमधल्या यूशू इथे भूकंप झाला होता आणि ते मेलेल्यांच्या अंत्यविधीसाठी जमले होते. ज्यांनी मुडद्यांची सेवा केली, त्यांना आम्ही खुनी म्हटले होते.

११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर निषेधसभा झाली. तिचे पर्यवसान हिंसाचारात झाले. दोन तरुण मेले, पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत पोलीसच जास्त. अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. पुण्यातून, बंगळुरूतून ईशान्येकडची मुले भीतीने रेल्वे भरभरून घरी निघाली. आम्ही पाठवलेले चित्र पाहून कोणी दगड उचलला, असे आम्ही म्हणू शकत नाही. उचलला नाही, असेही म्हणू शकत नाही. न तपासलेल्या बातमीपायी निरपराधांना इजा होईल आणि मग पस्तावावे लागेल, हा इशारा सूरह हुजुरातमध्ये आहे. तो आम्ही लहानपणापासून वाचत होतो. त्याचा अर्थ त्या आठवड्यात कळला.

आणि रोहिंग्यांचे काय? २०१७ साली सात लाखांहून अधिक माणसे जीव घेऊन बांगलादेशात आली. या वेळची छायाचित्रे खरी होती. आम्ही ती आमच्या ओळखीच्या एका गुरुजींना दाखवली. भला माणूस. ते म्हणाले, "हे त्या भिक्षूंच्या फोटोसारखेच असेल." आमच्याकडे उत्तर नव्हते. पाच वर्षांपूर्वी आम्हीच त्यांना तसे म्हणायला शिकवले होते.

आता तर संगणकाला सांगितले की तो हवे ते चित्र बनवून देतो. मे २०२४ मध्ये रफाहवर सगळ्यांचे डोळे असल्याचे सांगणारे तंबूंचे एक चित्र चार कोटींहून अधिक वेळा पुढे पाठवले गेले. तेही यंत्राने बनवलेले होते. त्यात ना रक्त, ना माणूस, ना कोणाचा चेहरा. खरी छायाचित्रे टिपताना गाझातले शंभराहून कितीतरी अधिक पत्रकार मारले गेले, आणि जगाने पसंत केली ती यंत्राची स्वच्छ तसवीर. उलटेही घडते. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझातल्या उपासमार झालेल्या एका मुलीचे एएफपीच्या छायाचित्रकाराने टिपलेले चित्र ग्रोक नावाच्या यंत्राने येमेनमधले, २०१८ चे ठरवले. खऱ्याला खोटे म्हणणे आता असे सोपे झाले आहे. म्हणून सगळ्याच चित्रांवर शंका घेणे हेही शहाणपण नव्हे. त्यात जालिमाचाच फायदा आहे. तराजू एक हवा, एवढेच. आपल्याला दुखावणारे चित्र आपण जितके उलटून पाहतो, तितकेच आपल्याला आवडणारे उलटून पाहायचे. तारीख कोणती, गाव कोणते, टिपणारा कोण, एवढे तीन प्रश्न पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला घेऊन भित्तिपत्रकासमोर उभे राहिलो आणि त्या मुलाची हकिकत सांगितली. अलेप्पोत हवाई हल्ल्याने त्याचे घर पडले. जगभर हे चित्र गाजले, तेव्हा सीरियाचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बशर असद यांनी एका मुलाखतीत ते बनावटच ठरवले. म्हणजे या मुलावर घर कोसळले आणि वर त्यालाच खोटे म्हटले गेले. आम्ही म्हणालो, "बेटा, जुल्म सच्चा है. लेकिन इस बच्चे का जुल्म भी तो सच्चा है. तुमने उसका शहर ही छीन लिया."

ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग पेन मागून घेतले, 'गाझा' हा शब्द खोडला आणि त्याच सुंदर अक्षरात लिहिले, 'हलब, शाम, अगस्त २०१६'. चित्र महिनाभर तिथेच होते. गाझासाठी तिने दुसरे शोधले. त्याला चार दिवस लागले. त्याच्याखाली गावाचे नाव, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव होते.