किल्ली कपाटात
परवा संगणकात लिनक्सचा नवा कर्नल (लष्करातला नव्हे) घातला आणि संगणक उठेचना. म्हणे, डिस्कच सापडत नाही! आईचे सगळे फोटो तिच्यातच. मी डिस्कला यथेच्छ शिव्या घातल्या. भंगारात काढणार, तोच भाचा म्हणाला, ‘‘मामा, मेनूत जुना कर्नल असतो. त्यानं सुरू करून बघा.’’

आई जागच्या जागी हसत होती!

कंट्रोलर ओळखणारा ड्रायव्हर नव्या कर्नलच्या ‘इनिट-रॅम-एफएस’ नावाच्या शिदोरीत बांधायचाच राहिला होता. तो होता डिस्कवर. म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाट बंद! शिदोरी पुन्हा बांधली, नवाही चालला.

ओळख विसरला एक, शिव्या खाल्ल्या दुसरीने. डिस्कची माफी मागता येते हो; पण अशीच भंगारात काढलेली माणसं? त्यांच्यासाठी जुना कर्नल कुठून आणायचा?