शाळेचे ऋण आणि देणाऱ्याची नियत

ज्या महाविद्यालयातून मी मराठीची पदवी घेतली, तेथून मागे माजी विद्यार्थ्यांना मदतीचे आवाहन आले. इमामाच्या मानधनातून जमेल ती अल्प रक्कम मी पाठविली. काही महिन्यांनी देणगीदारांच्या यादीची पुस्तिका हाती आली. पाहतो तो माझे नाव चुकीचे छापलेले! मन खट्टू झाले. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर एक प्रश्न पुढे उभा राहिला : रक्कम तर योग्य ठिकाणी पोहोचली होती, मग दुखावले ते काय?

माणूस शिकतो, पायांवर उभा राहतो आणि कित्येक वर्षांनी आपल्या विद्यालयाला देणगी देतो. कोणी तारुण्यातील आठवणींपोटी देतो, कोणी सोबत्यांनी दिले म्हणून देतो. कोणाला संस्थेच्या लौकिकात आपला लौकिक दिसतो, कोणाला एखाद्या दालनावर वडिलांचे नाव हवे असते. कोणी निखळ कृतज्ञतेने देतो. बहुधा या साऱ्या प्रेरणा एकाच हृदयात एकत्र नांदतात. म्हणूनच नियतीची नव्हे, तर नियतची तपासणी आवश्यक ठरते. कर्मांचे मूल्य नियतवर अवलंबून आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आपल्याच देशातील दोन संस्थांकडे पाहू. १८६६ साली देवबंदचा मदरसा सुरू झाला. त्यासाठी मौलाना कासिम नानौतवी यांनी आठ तत्त्वे लिहून ठेवली. ज्यांना आपल्या दानातून नावलौकिकाची अपेक्षा नसते, त्यांच्या वर्गणीत अधिक बरकत असते, असा त्यांतील एका तत्त्वाचा आशय आहे. १८७५ साली अलिगढला सर सय्यद अहमद खान यांनी शाळा काढली. तिचे पुढे महाविद्यालय व १९२० साली विद्यापीठ झाले. तेथील स्ट्रेची हॉलच्या भिंतींत देणगीदारांच्या नावांचे दगड बसविलेले आहेत. एकीकडे नाव न इच्छिणारे दान, तर दुसरीकडे दगडावर कोरलेले नाव. मग यांपैकी चूक कोण?

पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये उघड दानालाही चांगले म्हटले आहे. गुपचूप गरजूंना देणे मात्र त्याहून उत्तम ठरविले आहे. त्याच सूरहमध्ये उपकार बोलून दाखवून व मन दुखावून दान व्यर्थ करू नका, अशी ताकीद आहे. म्हणजे नाव प्रकट होणे हा दोष नव्हे. नावासाठी देणे हा दोष आहे. अलिगढच्या त्या भिंतीजवळून जाणारा विद्यार्थी काय वाचतो? ज्यांनी मला कधी पाहिले नाही, त्यांनी माझ्यासाठी छप्पर उभारले. त्या दगडांचा खरा उपयोग देणाऱ्याला नाही, वाचणाऱ्याला आहे. तो त्याला ऋणाची जाणीव करून देतो. अलिगढचे माजी विद्यार्थी ठिकठिकाणी १७ ऑक्टोबरला सर सय्यद दिन साजरा करतात, त्यामागे हीच जाणीव असावी.

पण हे ऋण फेडायचे कोणाला? मदरशात मी वर्षानुवर्षे मोफत जेवलो. त्या पिठाचे व डाळीचे पैसे कोणी दिले, मला ठाऊक नाही. त्यांतील अनेक जण आज हयातही नसतील. धनको सापडत नाही, म्हणून ऋण संपत नाही. ते पुढच्या मुलाच्या नावे वळते होते. सूरह दुहामध्ये अल्लाह आपल्या प्रेषितांना त्यांच्या अनाथपणाची व मिळालेल्या आश्रयाची आठवण देतो आणि लगेच अनाथावर कठोर होऊ नका, मागणाऱ्याला झिडकारू नका, असे सांगतो. आठवण मागची, कर्तव्य पुढचे.

हे ध्यानात आले की देणगीचे स्वरूपही बदलते. नव्या कमानीपेक्षा फी न भरल्यामुळे घरी बसणारी मुलगी आधी दिसते. येथे एक मसलाही लक्षात असावा : हनफी फिकहनुसार जकातची रक्कम इमारतीला लावता येत नाही; ती हक्कदार गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. गरजू विद्यार्थ्याला ती द्यावी. इमारतीसाठी मात्र जकातव्यतिरिक्तच्या पैशांतून द्यावे. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याने शिक्षकांसाठी दुआ करावी. उपकाराची परतफेड करणे शक्य नसेल तर उपकारकर्त्यासाठी दुआ करा, असे हदीसमध्ये आले आहे.

यंदा मी पुन्हा रक्कम पाठविली आणि यादीत नाव नको असे कळविले. पत्र टपालात टाकताना मनात किंचित समाधान उमटले : पाहा, मी किती निःस्वार्थी! तेव्हा उमगले की, नाव पुसले तरी अहंकार पुसला जातोच असे नाही. तरीही देणे थांबवू नये. नियत शुद्ध होईपर्यंत हात आखडला, तर उपाशी राहतो तो विद्यार्थी. देत राहावे आणि देताना नियत तपासत राहावे.

अल्लाह आपल्या दानाचा स्वीकार करो आणि ज्यांच्या अज्ञात दानावर आपण शिकलो, त्यांच्या कबरी प्रकाशमान करो. आमीन.